आकडा आपला, अंदाज खरा

प्रदीप गुप्ता टीव्हीवर दोनदा रडले आहेत. पहिल्यांदा २३ मे २०१९ रोजी, आनंदाने. त्यांच्या ‘ॲक्सिस माय इंडिया’ने एनडीएला ३३९ ते ३६५ जागा दिल्या होत्या आणि निकाल त्या चौकटीत अलगद येऊन बसला. दुसऱ्यांदा ४ जून २०२४ रोजी. या खेपेला त्यांनी ३६१ ते ४०१ जागा सांगितल्या होत्या आणि मोजणीत एनडीएची गाडी २९३ वर थांबली. माणूस तोच, त्याची सर्वेक्षणाची रीतही बरीचशी तीच. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना विकला गेलेला माणूस ठरवले होते त्यांना आता त्यांचे अश्रू गोड लागले, आणि ज्यांनी डोक्यावर घेतले होते ते गप्प झाले.

२०२४ मध्ये एक्झिट पोल आणि निकाल यांच्या मधल्या तीन दिवसांत काय काय झाले ते आठवून पाहण्यासारखे आहे. मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत एक्झिट पोल दाखवायला कायद्याने बंदी आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या १२६अ या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यामुळे १ जूनला संध्याकाळी साडेसहाला सगळ्या वाहिन्यांवर एकदमच आकडे फुटले. काँग्रेसने आदल्या दिवशी जाहीर केले होते की या चर्चांना आमचा प्रवक्ता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मित्रपक्षांबरोबर बैठक झाली आणि निर्णय फिरला. मल्लिकार्जुन खर्गे यांनी ‘इंडिया’ आघाडीला किमान २९५ जागा मिळतील असे सांगितले. राहुल गांधींनी एक्झिट पोलला ‘मोदी मीडिया पोल’ म्हटले आणि किती जागा येतील असे विचारल्यावर सिद्धू मूसेवालाच्या ‘२९५’ या गाण्याकडे बोट दाखवले. गाण्याच्या नावावरून जागा सांगणे हीसुद्धा एक पद्धतच म्हणायची. निदान तिच्यात नमुना निवडण्याची कटकट नाही. आघाडीला प्रत्यक्षात २३४ जागा मिळाल्या.

बाजाराने मात्र आकडे मनावर घेतले. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी उसळला, ४ जूनला सुमारे ४,३९० अंकांनी कोसळला. दोनच दिवसांनी राहुल गांधींनी या चढउताराच्या संयुक्त संसदीय समितीकडून चौकशीची मागणी केली. चुकलेला अंदाज आता नुसता चुकलेला राहिला नाही, तो कटाचा पुरावा झाला.

त्या उन्हाळ्यात आणखी दोन माणसांकडे लोकांचे कान होते. प्रशांत किशोर सांगत होते की भाजप २०१९ च्या ३०३ च्या आसपास किंवा थोडा वरच राहील. भाजपच्या चाहत्यांना ते परखड विश्लेषण वाटे, विरोधकांना सुपारी. किशोर यांनीही टीकाकारांना चिमटा काढला होता, की ४ जूनला भरपूर पाणी जवळ ठेवा. निकालानंतर त्यांनी चूक कबूल केली आणि यापुढे जागांचा आकडा सांगणार नाही असे म्हटले. दुसरे योगेंद्र यादव. हे उघडपणे भाजपविरोधी बाजूचे, ‘भारत जोडो’च्या वाटेवर चाललेले. त्यांनी भाजपला २४० ते २६० आणि मित्रपक्षांना ३५ ते ४५ जागा दिल्या होत्या. हा माणूस मनातले मांडे खातो आहे, असे भाजपचे समर्थक म्हणत. भाजपला नेमक्या २४० मिळाल्या.

म्हणजे ज्याचा पक्षपात सर्वांना ठाऊक होता त्याचा अंदाज जवळ गेला आणि ज्यांनी शास्त्रीय तटस्थतेचा दावा केला होता त्यांचे आकडे लांब पडले. यादवांचे चाहते हे उदाहरण अजून सांगतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात काय झाले ते सांगताना त्यांचा आवाज जरा खाली येतो. ते पुढे येईलच.

या रागलोभाचा अभ्यास पूर्वीच झालेला आहे. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरुतच्या साब्रा आणि शातिला निर्वासित छावण्यांत हत्याकांड झाले. अमेरिकी टीव्हीने त्याच्या बातम्या दिल्या आणि इस्रायलच्या तसेच अरबांच्या, दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी ओरड केली की वाहिन्या विरुद्ध बाजूला सामील आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनी १४४ विद्यार्थ्यांना बोलावून त्याच बातम्यांचे तेच तुकडे दाखवले. १९८५ साली त्यांनी निष्कर्ष छापले. इस्रायलच्या बाजूच्या मुलांना बातम्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना अरबविरोधी. हे पाहून तटस्थ माणूस आपल्या विरोधात जाईल, अशी भीतीही दोन्ही गटांना वाटली. आणि गंमत अशी की ज्यांना विषयाची माहिती अधिक होती त्यांना पक्षपातही अधिक दिसला. आळीतल्या क्रिकेटमध्ये अंपायर नेहमी दुसऱ्या टीमचा असतो, आणि ज्या मुलाला पायचीतचे नियम तोंडपाठ असतात तोच सर्वांत जास्त भांडतो.

निवडणुकीचा अंदाज बातमीपेक्षाही नाजूक. बातमी घडून गेलेल्याची असते. अंदाज आपल्या आशेवर बोट ठेवतो.

आता हे आकडे तयार होतात कसे, ते पाहू. शितावरून भाताची परीक्षा हे तत्त्व मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. पण पातेल्यात भात एकसारखा शिजला असेल तरच एक शीत पुरते. तळाशी करपलेला आणि वर कच्चा असेल तर मूठभर शितेही फसवतात. ‘ॲक्सिस’ने २०२४ मध्ये पावणेसहा लाखांहून अधिक मतदारांशी बोलल्याचे सांगितले होते. एवढ्या मोठ्या मुठीनेही उत्तर प्रदेशात एनडीएला ६७ ते ७२ जागा दिल्या आणि मिळाल्या ३६. कोण बोलायला तयार होतो, कोण दार लावून घेतो, अनोळखी माणसाने दारात येऊन विचारल्यावर कोण सोयीचे उत्तर देऊन मोकळा होतो, हे मोठ्या संख्येने सुटत नाही. सगळे एकाच पद्धतीने चुकत असतील तर लाख माणसे विचारा नाहीतर दहा लाख.

दुसरी अडचण त्याहून मोठी. सर्वेक्षण मोजते मते आणि वाहिनीला हव्या असतात जागा. या दोहोंमधली पायरी निसरडी आहे. महाराष्ट्राचीच लोकसभा घ्या. २०२४ मध्ये महाविकास आघाडी आणि महायुती यांची मते जवळजवळ बरोबरीची होती, दोघांचीही ४३ आणि ४४ टक्क्यांच्या मधली. जागा मात्र ३० विरुद्ध १७. मतांचा अंदाज अर्ध्या टक्क्यापर्यंत अचूक आला असता, तरी त्यावरून ३० आणि १७ कसे काढणार? मुंबई वायव्य मतदारसंघात रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांना ४८ मतांनी हरवले. ४८ मते म्हणजे एखाद्या चाळीतला एक मजला. जगातले कुठलेही सर्वेक्षण तो मजला पकडू शकत नाही. पण पडद्यावर येतो तो ठळक आकडा. त्याच्यामागची ‘इतके इकडे तिकडे होऊ शकते’ ही तळटीप कुणी वाचत नाही, आणि निवेदकही ती वाचून दाखवत नाही.

एवढे सांगितल्यावर सगळा दोष प्रेक्षकाच्या मनावर ढकलून मोकळे होणे मात्र अन्यायाचे ठरेल. संशयाला कारणे आहेत, आणि त्यातली काही आपल्याच दारातली. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत मराठी वृत्तपत्रांतून उमेदवारांच्या स्तुतीचे मजकूर पैसे घेऊन बातमी म्हणून छापले गेले. एकच लेख वेगवेगळ्या दैनिकांत शब्दन् शब्द तोच, हे पी. साईनाथ यांनी उघडकीस आणले आणि ‘पेड न्यूज’ हा शब्द घराघरांत पोचला. २०१४ च्या लोकसभेपूर्वी एका वाहिनीच्या छुप्या कॅमेऱ्यापुढे काही सर्वेक्षण संस्थांची माणसे आकडे वाकवून द्यायला तयार झालेली दिसली. ज्याने हे पाहिले तो पुढच्या वेळी पडद्याकडे डोळे बारीक करूनच बघणार.

बिहार, २०१५. तिथली गोष्ट तर एखाद्या फार्ससारखी आहे. ‘टुडेज चाणक्य’ने भाजप आघाडीला १५५ जागा दिल्या; मिळाल्या ५८. संस्थेने नंतर खुलासा केला की संगणकात आघाड्यांचे रकाने अदलाबदल झाले होते. त्याच निवडणुकीत ‘ॲक्सिस’ने महाआघाडीला १६९ ते १८३ जागा दिल्या होत्या. हा अंदाज जिच्यासाठी तयार केला होता त्या वाहिनीने तो दाखवलाच नाही. सगळ्यांपेक्षा वेगळा आकडा म्हणून कुणाची छाती झाली नसावी. महाआघाडीला १७८ मिळाल्या. तेव्हा गुप्ता हे दडपल्या गेलेल्या सत्याचे प्रतीक होते. नऊ वर्षांनी तेच दरबारी भाट ठरले.

मग एक्झिट पोल सरकारच्या बाजूने झुकतात का? जुनी पाने चाळली तर चित्र गुंतागुंतीचे निघते. २००४ मध्ये ‘इंडिया शायनिंग’च्या काळात बहुतेकांनी वाजपेयींच्या एनडीएला बहुमताच्या आसपास नेऊन ठेवले, ती दोनशेच्याही खाली राहिली. २००९ मध्ये सत्तेवर यूपीए होती, तरी तिला कमी लेखले गेले; तिच्या जागा २६२ आल्या. २०१४ मध्ये विरोधात असलेल्या एनडीएला बहुतेकांनी कमी दिल्या, ती ३३६ वर गेली. चुका झाल्या, मोठ्या झाल्या. पण त्यांचे तोंड एकाच दिशेला नव्हते. विकले गेलेले लोक इतके विसंगत वागत नाहीत. एकमेकांचा आकडा पाहून आपला आकडा कळपात ढकलणारे लोक मात्र असेच चुकतात.

२०२४ चे उरलेले सहा महिने याचा कळस होते. ऑक्टोबरात हरियाणात झाडून सगळ्या एक्झिट पोलनी काँग्रेसला सत्ता दिली. जूनमध्ये ज्यांनी एक्झिट पोलना कचऱ्याची टोपली दाखवली होती तेच आता त्यांचा हवाला देऊ लागले. योगेंद्र यादवांनी तर तीनच शक्यता मांडल्या होत्या: काँग्रेसला स्पष्ट बहुमत, काँग्रेसची लाट किंवा काँग्रेसची त्सुनामी. मोजणीच्या दिवशी सकाळी काँग्रेस पुढे दिसली, दिल्लीत पक्ष कार्यालयात मिठाई वाटली गेली. दुपारपर्यंत चित्र पालटले. भाजप ४८, काँग्रेस ३७, आणि दोन्ही पक्षांच्या मतांत एका टक्क्याहूनही कमी अंतर. हरियाणा भाजपने राहुल गांधींच्या घरी जिलेबी पाठवत असल्याचे जाहीर केले. काँग्रेसने निकालच मान्य नसल्याचे सांगून मतदान यंत्रांच्या बॅटऱ्यांवर बोट ठेवले.

आठवड्याभरात मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार पत्रकारांसमोर आले तेव्हा त्यांनी एक साधी गोष्ट विचारली. यंत्रांतल्या मतांची मोजणी सुरू होते साडेआठला. मग आठ वाजून पाच मिनिटांनी वाहिन्यांवर आघाड्या कुठून येतात? आपल्याच एक्झिट पोलला आधार देण्यासाठी तर नव्हे? आणि त्या खोट्या आघाड्या पाहून बसलेल्याला खरे आकडे आले की फसवणूक झाल्यासारखे वाटते. एवढा नेमका मुद्दा त्या वर्षभराच्या गदारोळात क्वचितच कुणी मांडला.

हे दुखणे फक्त भारताचे नाही. त्याच नोव्हेंबरात अमेरिकेत आयोवा राज्याच्या नावाजलेल्या सर्वेक्षक ॲन सेल्झर यांनी कमला हॅरिस तीन टक्क्यांनी पुढे असल्याचे सांगितले. डेमोक्रॅट हरखले. ट्रम्प तिथे तेरा टक्क्यांनी जिंकले आणि डिसेंबरात त्यांनी सेल्झर आणि तो पोल छापणारे वृत्तपत्र यांच्यावर खटला भरला. चुकीच्या अंदाजासाठी जिंकलेल्याने कोर्टात जावे, हे तसे नवलच.

महाराष्ट्रात २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान झाले. या वेळी पोलवाल्यांचे एकमत नव्हते. कुणी महायुतीला काठावर बसवले, कुणी आघाडीला. ‘ॲक्सिस’ने एक दिवस थांबून महायुतीला १७८ ते २०० दिल्या. संजय राऊत एक्झिट पोल फेटाळत आघाडीच्या १६० जागा सांगत होते. २३ तारखेला महायुतीच्या तीन पक्षांनीच २३० घेतल्या आणि आघाडीच्या तीन पक्षांच्या मिळून ४६ झाल्या. जूनमध्ये जास्त सांगितले म्हणून शिव्या खाल्लेली सर्वेक्षणे आता फार कमी सांगून चुकली होती, पण त्याबद्दल त्यांना कुणीच विशेष बोलले नाही. जिंकलेल्यांना गुलालापुढे फुरसत नव्हती आणि हरलेल्यांचा रोख पोलवरून मोजणीवर गेला होता.

सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाचे गाव आहे. तालुक्याच्या जागेवर शरद पवारांच्या पक्षाचे उत्तम जानकर निवडून आले, पण गावात मते जास्त पडली ती भाजपच्या राम सातपुते यांना. जानकरांच्या बाजूच्या गावकऱ्यांना ते पटेना. त्यांनी स्वतःच मतपत्रिका छापून ३ डिसेंबरला गावात पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस आले, मतपेटीत एकही मत न पडता गावकऱ्यांनी बेत मागे घेतला. पुढच्या रविवारी पवार गावात येऊन बोलले. भाजपचे नेतेही येऊन बोलून गेले. गावाने खरोखर कुणाला मते दिली यावर मारकडवाडीत दोन मते होती, आणि दोन्ही बाजूंना आपलाच आकडा खरा वाटत होता.