आमदारसाहेब, गटार आणि घटना

बजाजनगरला गाव म्हणावे की शहर म्हणावे? प्रश्न पोरकट वाटेल, पण उत्तर द्यायला बसलात तर भलेभले अडतील. 1985 साली वाळूजच्या माळावर बजाजचा कारखाना सुरू झाला. त्याच्या मागोमाग आणखी कारखाने आले आणि मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. औद्योगिक महामंडळाने आखून दिलेल्या भूखंडांवर घरे उठली, घरांवर मजले चढले, खाली दुकाने निघाली. शेतीवर जगणारा माणूस येथे शोधून काढावा लागेल. घरातले घड्याळ चालते ते कारखान्याच्या पाळीवर. असे असून वर्षानुवर्षे येथला कारभार आहे ग्रामपंचायतीचा! वडगाव कोल्हाटी-बजाजनगर ग्रामपंचायत असे तिचे जोडनाव. राहणी शहराची आणि सातबारा गावचा, असा हा प्रकार.

आता रस्ता, पाणी, गटार यांपैकी कशासाठी महामंडळाचे दार ठोठवायचे आणि कशासाठी पंचायतीचे, हे नव्या बिऱ्हाडकरूला कळायला वर्ष लागते. म्हणून लोकांनी आपला एक सोपा मार्ग काढला आहे. आमच्या शेजारच्या वहिनी परवा मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमची ओळख आहे ना? मग आमदारसाहेबांनाच सांगा की गटाराचं!"

वहिनींचे काही चुकले असे मला वाटत नाही. मत आपण देतो, तेव्हा काम सांगायचा हक्कही आपलाच. पण आमदाराला आपण निवडतो ते विधानसभेत बसण्यासाठी. तेथे कायदे होतात, प्रश्न विचारले जातात, पैशाचा हिशेब मागितला जातो. गटाराचे काम ज्याने करायचे त्याच्या हाती अधिकार आणि पैसा आहे की नाही, हे पाहणे हे खरे आमदाराचे काम. ते कसे करावे याचा एक जुना नमुना मला फार मोलाचा वाटतो.

साल 1932. मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात ग्रामपंचायतींचे बिल आले. गावाला अधिकार देण्याची भाषा त्या काळी मोठी गोड लागे; खेडी म्हणजे जणू लहान लहान स्वराज्ये, असा सूर होता. 6 ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले. 1927 सालापासून ते कौन्सिलात होते आणि नेमलेले सभासद असूनही सरकारची भीड ठेवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी त्या गोड सुरात मिठाचा खडा टाकला. गावाला सत्ता द्यायची म्हणजे गावात कोणाला द्यायची, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. जातीपातींनी चिरफाळलेल्या गावात पंचांच्या हाती न्यायनिवाडा दिला, तर वेशीबाहेरच्या माणसाने दाद कोणाकडे मागायची? सर्व प्रौढांना मत दिले तरी भागणार नाही, कारण प्रत्येक गावात अस्पृश्य वर्ग संख्येने थोडाच. त्याला राखीव जागा हव्यातच, असे त्यांनी बजावले. पुढल्या वर्षी बिलाचा कायदा झाला.

हा वाद तेथे संपला नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्यांच्या भाबड्या कौतुकावर पुन्हा कोरडे ओढले आणि सभासदांत नाराजी पसरली. (आपला मराठवाडा निजामाच्या हातून सुटून तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता.) पण 22 नोव्हेंबरला के. संथानम यांनी ग्रामपंचायतींची सूचना आणली, तेव्हा त्यांनी ती मान्य केली आणि तीच पुढे घटनेचे 40 वे कलम झाली. मात्र ते कलम मार्गदर्शक तत्त्वांत बसले. सरकारने पाळले तर उत्तम, न पाळले तर कोर्टात जायची सोय नाही.

महाराष्ट्राने ते इतरांपेक्षा बरे पाळले, हे मान्य केले पाहिजे. वसंतराव नाईक समितीने 1961 साली अहवाल दिला आणि 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. त्या समितीची एक शिफारस आज वाचली की मी थक्क होतो: आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेत जागा नको! ही सूचना करणाऱ्या समितीचे अध्यक्ष स्वतः आमदार आणि मंत्री होते. आपल्याच माणसांना पंगतीतून उठवायला छाती लागते.

देशभर सक्ती व्हायला मात्र 1992 साल उजाडले. 73 व्या घटनादुरुस्तीचे बिल लोकसभेने 22 डिसेंबरला आणि राज्यसभेने 23 डिसेंबरला संमत केले. पंचायतींच्या निवडणुका दर पाच वर्षांनी, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा, स्त्रियांना किमान तिसरा हिस्सा. महाराष्ट्राने 2011 मध्ये तो निम्मा केला. 1932 साली जी अट एकट्या सभासदाची कटकट वाटली असेल, ती साठ वर्षांनी घटनेत जाऊन बसली.

पण त्याच दुरुस्तीत एक चोरवाट राहिली. पाणीपुरवठा, रस्ते, आरोग्य, शिक्षण असे 29 विषय पंचायतींसाठी लिहून ठेवले खरे, पण ते राज्याच्या विधिमंडळाने द्यावेत असे न म्हणता 'देऊ शकेल' असे म्हटले. म्हणजे किल्ली पुन्हा आमदारांच्याच खिशात! आणि आणखी मौज पाहा. राज्यसभेच्या त्या संमतीला बरोबर एक वर्ष झाले, त्या 23 डिसेंबर 1993 या दिवशी खासदार निधीची योजना जाहीर झाली. पहिल्या वर्षी पाच लाख, पुढल्या वर्षी एक कोटी, 2011 पासून पाच कोटी. पंचायतीने करायची कामे खासदाराने सुचवायची आणि त्यांवर त्याच्या नावाची पाटी लागायची. आमदारांनाही राज्यात असाच निधी आहे. मग वहिनींनी गटाराचे आमदारांना सांगू नये तर कोणाला सांगावे?

मी त्यांना सांगितले, "वहिनी, आमदारसाहेबांना गटाराचे जरूर सांगू. पण त्यांनी सभागृहात कोणते प्रश्न विचारले, हेही एकदा विचारू. आमच्यासारखी शहराएवढी वस्ती ग्रामपंचायतीत किती काळ ठेवायची, आणि ठेवायची तर तिला शहराएवढे अधिकार आणि पैसा कधी द्यायचा, एवढे त्यांनी तेथे मांडले तरी पुष्कळ."

वहिनी क्षणभर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आणि तोवर?"

तोवर ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार भरवाव्या लागतात आणि त्याआधी स्त्रियांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्तीला मतदारांपैकी पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसे लागतात. आमच्यासारख्या हजारो मतदारांच्या ठिकाणी शंभरच पुरतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. असतील तेवढ्यांनी ठराव केला तरी तो गावाचा ठराव.

वहिनींनी पुढल्या सभेची तारीख विचारून घेतली आणि त्या दिवशी यजमानांची पाळी कोणती, हे पाहायला त्या घरात गेल्या.