काजळीचा चित्रकार

काळा रंग संपला की तुम्ही काय करता? बाबांच्या मागे भुणभुण लावता! अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात पेगी नावाच्या बाईंचा भाऊ मात्र लाकडाच्या शेगडीतली काजळी खरवडून घ्यायचा, तीत चक्क थुंकी कालवायचा आणि टोक काढलेल्या काडीने चित्र काढायचा. कपड्यांची नीळ आणि पताकांचे रंगीत कागद भिजवून निघालेलं पाणी, हे त्याचे बाकीचे रंग.

या भावाचं नाव जेम्स कॅसल. जन्म 1899 चा, गार्डन व्हॅली या डोंगराळ भागातला. जन्मापासूनच त्याला ऐकू येत नव्हतं. आई-वडील घरातूनच टपाल कचेरी आणि दुकान चालवत. त्यामुळे पाकिटं, खोकी, जुने कागद यांची घरात कमी नव्हती. तेच त्याचं ड्रॉइंगचं वहीपान!

1910 साली त्याला गुडिंग गावातल्या कर्णबधिरांच्या शाळेत घातलं. बहीण नेलीलाही ऐकू येत नसे, तीही तिथेच होती. पाच वर्षांनी जेम्स घरी परतला तो लिहिणं, वाचणं, बोलणं यातलं काहीच न शिकता. एखादं मूल आपल्या पद्धतीने शिकलं नाही, की आम्ही शिक्षक किती पटकन हात टेकतो! (पालकसुद्धा.) शेतीच्या कामालाही घरच्यांनी त्याला जुंपलं नाही. हे मला फार मोठं वाटतं. त्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरात धडधाकट मुलाला नुसता बसू देणं सोपं नव्हतं.

1931 मध्ये कुटुंब बॉइसी शहराजवळ राहायला आलं. पुढे पेगी, तिचे यजमान, मुलं आणि जेम्स असा त्या घरातला संसार. माणसांत तो फारसा मिसळत नसे. खुराड्यासारख्या खोपटात बसून चित्रं काढायची, दोऱ्याने शिवून छोटी पुस्तकं करायची, मग सगळ्याची गाठोडी बांधून ठेवायची. गार्डन व्हॅलीतलं घर, गोठा, दारं त्याने पुढे नुसत्या आठवणीतून काढली. पुस्तकांत अक्षरंही असायची, पण ती वाचता न येणाऱ्या माणसाने पाहून काढलेली!

बहिणीच्या डोळ्यांसमोर रोज हे चाले. पण हे चित्रकलेतलं मोठं काम आहे, हे ओळखलं एका भाच्याने. 1950 नंतर तो पोर्टलंडच्या कलाशाळेत शिकत होता. त्याने मामाची चित्रं आपल्या प्राध्यापकांना दाखवली आणि प्रदर्शनं सुरू झाली. मामाला चांगले रंग, कागद मिळू लागले. पण त्याचा जीव रमायचा तो काजळीतच.

1977 मध्ये जेम्स वारला. 2008 मध्ये फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात त्याचं मोठं प्रदर्शन भरलं. त्याचं घर बॉइसी शहराने 2015 मध्ये विकत घेतलं. दुरुस्तीच्या वेळी तर चक्क भिंतींमधूनही काही चित्रं निघाली!

त्याच्या काही चित्रांत एक खोली दिसते. तिच्या भिंतींवर ओळीने टांगलेली चित्रं आहेत आणि ती त्याचीच आहेत. कुणी प्रदर्शन भरवायला येण्याआधीच त्याने ते स्वतःपुरतं भरवलं होतं.