कानशिलात काय काय दडलंय!

‘एक ठेवून देईन कानशिलात!’ हे वाक्य न ऐकता आपल्यापैकी कुणी मोठं झालं असेल, असं वाटत नाही. कधी आईनं, कधी सरांनी, कधी मोठ्या दादानं ही धमकी दिलेलीच असते. पण कानशील म्हणजे नेमकं काय आणि त्याच्या आत काय असतं, हे विचारलं तर आपण गाल चोळत गप्प बसतो.

वर्ध्यात मात्र हा प्रश्न दरवर्षी शेकडो मुलामुलींना पडतो. शहराच्या एका बाजूला सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान, दुसऱ्या बाजूला सावंगी (मेघे) इथलं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या तोंडी परीक्षेत एक वेडंवाकडं हाड हातात येतं. टेम्पोरल बोन! मराठीत शंखास्थी. प्रश्न साधाच असतो, ‘उजवं की डावं?’ तेवढ्यावरच अनेकांना घाम फुटतो. उत्तराची युक्ती ठरलेली आहे. गालाकडे जाणारा काटा पुढे धरायचा, कानाचं भोक बाहेरच्या बाजूला आणि कानामागचा उंचवटा खाली-मागे. मग बाजू आपोआप कळते.

बोट ठेवा, हाड सापडेल

हे हाड बघायला मेडिकलला ॲडमिशन लागत नाही. आत्ता, हा पेपर वाचताना, बोट कानाच्या मागे ठेवा. पाळीच्या मागे जो टणक उंचवटा लागतो, तो मास्टॉइड. या ग्रीक नावाचा अर्थ ‘स्तनासारखा’. तो भरीव नसतो. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हवेच्या कप्प्या असतात आणि त्या मधल्या कानाशी जोडलेल्या असतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता बोट कानाच्या अगदी पुढे आणा आणि तोंड उघडा-मिटा. काहीतरी सरकतंय ना? तो जबड्याचा सांधा. जबडा याच हाडाच्या खाचेत बसतो. तिथून गालाकडे जाणारी आडवी कड म्हणजे झायगोमॅटिक प्रोसेस. कानाच्या वर, केसांच्या आत जो सपाट भाग आहे, तो स्क्वेमस, म्हणजे खवल्यासारखा पातळ. कानाखाली, बोटाला न लागणारा एक बारीक काटा असतो, स्टायलॉइड. जुन्या काळी मेणाच्या पाटीवर लिहायच्या लेखणीवरून त्याला हे नाव मिळालं. आणि कवटीच्या आत घुसलेला भाग तो पेट्रस, म्हणजे खडकासारखा. नाव अगदी सार्थ आहे. शरीरातल्या सर्वांत दाट हाडांत त्याची गणना होते. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा डीएनए शोधणारे संशोधक म्हणूनच सांगाड्यात आधी हा भाग शोधतात.

खडकात बसवलेलं लोहारकाम

या खडकाच्या आत काय जपलंय बघा. शाळेत शिकलेली तीन हाडं आठवतात? हातोडी, ऐरण आणि रिकीब. दोन वस्तू लोहाराच्या, एक घोडेस्वाराची. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटर, शरीरातलं सर्वांत लहान हाड. कानाचा पडदा हलला की हातोडी हलते, ती ऐरणीला हलवते, ऐरण रिकिबीला आणि रिकीब तो हादरा पुढे गोगलगाईच्या शंखासारख्या कॉक्लियात पोचवते. तिथे त्याची विजेची भाषा होते आणि मेंदूला कळतं, की आई हाक मारतेय.

कॉक्लियाच्या शेजारी तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. बसमध्ये उभ्यानं प्रवास करताना तोल सांभाळतात त्या याच. आणि याच हाडातल्या एका अरुंद बोळातून चेहऱ्याची नस जाते, ज्यामुळे आपण हसतो आणि डोळा मिटतो.

म्हणजे लॅटिन-ग्रीक नावांची जी भीती वाटते, ती नावं मुळात खवला, खडक, लेखणी, हातोडी, गोगलगाय इतकीच आहेत. ज्यांनी ती ठेवली, त्यांनीही आपल्या घरातल्या आणि अंगणातल्या वस्तूच डोळ्यांसमोर आणल्या होत्या.

सुश्रुताचा इशारा

वर्ध्याजवळच सालोडला आयुर्वेद महाविद्यालय आहे. आयुर्वेदाचे विद्यार्थी याच जागेला वेगळ्या नावांनी ओळखतात. सुश्रुतसंहितेत १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांतलं ‘शंख’ हे कपाळ आणि कानाच्या मध्ये. तिथे घाव बसला तर तत्काळ मृत्यू, असं सुश्रुत सांगतो. कानाच्या मागे-खाली ‘विधुर’. तिथल्या इजेनं बहिरेपण येतं.

आजचं शास्त्र पहिल्या इशाऱ्याचं कारण सांगतं. कानशिलाच्या पुढच्या भागात कवटी पातळ असते आणि तिच्या आतून एक रक्तवाहिनी जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. फसवी गोष्ट अशी, की गाडीवरून पडलेला मित्र उठतो, ‘काही नाही झालं’ म्हणतो, चहाही पितो. आत मात्र रक्त साचत असतं. काही तासांनी डोकं प्रचंड दुखतं, उलट्या होतात, गुंगी येते. तेव्हा ‘झोपू दे त्याला’ म्हणायचं नसतं, थेट दवाखाना गाठायचा असतो. हेल्मेट पेट्रोलच्या टाकीवर ठेवून फिरणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आणि कानाखाली आवाज काढणाऱ्यांनीही. उघड्या तळव्याची थप्पड कानावर बसली, की कानाच्या नळीतली हवा दाबली जाते आणि कागदासारखा पातळ पडदा फाटू शकतो. ‘लाडानं मारली’ हे पडद्याला कळत नाही.

‘पोराचा कान वाहून राह्यला जी’

सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. इथली प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी घरोघरी जातात. पाठ केलेल्या नावांची खरी परीक्षा तिथे होते. कारण ओसरीवर बसलेली माय ‘मास्टॉइड’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘पोराचा कान वाहून राह्यला जी, तेल टाकलं, कापूस लावला.’ कापसाच्या जिल्ह्यात बोळ्याला काय तोटा!

आता तिला सांगायचं काय? हेच, की लहान मुलांत नाक आणि कान जोडणारी नळी आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दी कानात उतरते. कान वाहतो म्हणजे बहुधा पडद्याला भोक पडलंय. अशा कानात तेल, पाणी, लसणाचा रस काहीच टाकायचं नाही. कान कोरडा ठेवायचा आणि डॉक्टरला दाखवायचा. आणि कानामागचा तो उंचवटा सुजला, लाल झाला, दुखला, पोराला ताप आला किंवा तोंड वाकडं झालं, तर त्याच दिवशी निघायचं. पू कानामागच्या हवेच्या कप्प्यांत शिरला असेल, तर तिथून मेंदूचं अंतर फार कमी आहे.

यातला एकही शब्द इंग्रजी असायची गरज नाही. पण सांगणाऱ्याला हाड आतून-बाहेरून माहीत हवं. दर महिन्याला कान वाहणारं मूल हळूहळू कमी ऐकू लागतं, वर्गात मागे पडतं आणि ‘ढ’ ठरतं. अशा वेळी सर काय म्हणतात, ते आपल्याला माहीत आहे. ‘ऐकू येत नाही का? एक ठेवून देऊ कानशिलात?’

घरी, शेजारी असं एखादं पोर असेल, तर त्याच्या आईला कानामागे बोट ठेवून ही गोष्ट सांगा. पाच मिनिटं लागतात. नीटचा स्कोअर लागत नाही.