गोळी तीच, डोस मात्र प्रत्येकाचा वेगळा

मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगात ‘एएलएल’ हा प्रकार सर्वाधिक आढळतो. पहिले काही महिने रुग्णालयात केमोथेरपी आणि मग दीड-दोन वर्षे घरीच गोळ्या, असा त्याचा उपचार. नागपुरात त्यासाठी येणारी मुले शहरातलीच नसतात. गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहूनही येतात. त्यामुळे गोळ्यांचा त्रास सुरू होतो तेव्हा डॉक्टर दोन-तीनशे किलोमीटर दूर असू शकतात.

यातली मुख्य गोळी मर्कॅप्टोप्युरिन. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेली ही गोळी आजही उपचाराचा कणा आहे. मात्र काही मुलांच्या पांढऱ्या पेशी नेहमीच्या डोसनेच धोकादायक पातळीवर उतरतात. साधा जंतुसंसर्ग जिवावर बेततो. गोळी वारंवार थांबवावी, तर कर्करोग उलटण्याची भीती.

कारण जनुकांत आहे. शरीरात या औषधाचे सक्रिय रूप तयार होते आणि पेशींच्या डीएनएत शिरते. त्याला आवर घालणारी दोन विकरे म्हणजे टीपीएमटी आणि एनयूडीटी१५. त्यांची जनुके सदोष असली की औषध साचत जाते. युरोपीय लोकांत टीपीएमटीचा दोष अधिक, म्हणून अनेक वर्षे सगळे लक्ष त्याच्यावरच होते. एनयूडीटी१५चे महत्त्व २०१४ साली कोरियातील आतड्यांच्या आजाराच्या रुग्णांत दिसले आणि पुढच्याच वर्षी ल्युकेमियाच्या मुलांतही. भारतीयांत हाच दोष जास्त आढळतो. पाश्चात्त्य पुस्तकावर विसंबून फक्त टीपीएमटी तपासणे आपल्याकडे अपुरे ठरते, ते यामुळे.

२०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एनयूडीटी१५च्या दोन्ही प्रती सदोष असतील, तर शरीराच्या दर चौरस मीटरला रोज ७५ऐवजी १० मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हिशेब केला, तर इतरांना आठवड्याला ५० मिलिग्रॅमच्या आठेक गोळ्या लागतात, तिथे याला जेमतेम एक. एकच प्रत सदोष असेल, तर कपात कमी.

जनुकचाचणी आयुष्यात एकदाच करावी लागते. विकराची पातळी मोजणारी टीपीएमटी चाचणी मात्र नुकतेच रक्त चढवले असल्यास फसवू शकते, आणि या मुलांना रक्त बरेचदा चढवावे लागते.

जनुके निर्दोष असली तरी पेशी घटू शकतात, त्यामुळे नियमित सीबीसी टळत नाही. डोस घरच्या घरी कमी-जास्त करू नये. गोळ्या सुरू असताना ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.