जनुकाच्या अक्षरांपलीकडे : सिकलसेल आणि बंद पडलेलं जनुक

डीएनएवर मेथिल नावाच्या रासायनिक खुणा बसतात. जनुकाची अक्षरं तीच राहतात, पण ते चालू राहणार की बंद, हे ठरवण्यात या खुणांचा मोठा वाटा असतो. याचं आपल्याकडचं उदाहरण पाहायचं तर गोंदिया जिल्ह्यात जावं. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडे ‘सिकलसेल’ म्हणजे काय, हे सांगत बसावं लागत नाही. गोंड, हलबा, प्रधान यांच्यात हा आजार आहे, तसाच बौद्ध, कुणबी आणि तेली घरांतही आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा नागपूरच्या डॉक्टरांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, त्याला १९५८ साल उजाडलं होतं.

अकराव्या गुणसूत्रावरच्या बीटा ग्लोबिन जनुकातलं एकच अक्षर बदलतं आणि ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळ पीडित असण्याची शक्यता चारात एक.

पण हे बाळ जन्मतं तेव्हा ठणठणीत असतं. गोंदियाच्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयातून ते घरी जातं, अंगावर पितं, बाळसं धरतं. सहा-आठ महिन्यांनी हातापायांची बोटं सुजतात, ते किंचाळून रडतं आणि घरच्यांना वाटतं कुठे लागलं असेल. बिघडलेलं जनुक तर पहिल्या दिवसापासून होतं. मग इतके महिने बाळाला सांभाळलं कुणी?

गर्भात असताना आपलं हिमोग्लोबिन वेगळं असतं. ते बनवणारं गॅमा ग्लोबिन जनुक बीटाच्या शेजारीच आहे आणि त्याच्यात काही दोष नसतो. जन्मानंतर त्याच्यावर मेथिल खुणा बसतात, बीसीएल-११-ए नावाचं प्रथिन त्याला दाबून धरतं आणि बीटा जनुक कामाला लागतं. म्हणजे प्रत्येक पीडिताच्या शरीरात आजाराला अडवणारं जनुक शाबूत असतं; धानाने भरलेल्या कोठीला कुलूप लागावं, तसं.

हे कुलूप काढता येतं, याचा पुरावा १९८२ मध्ये मिळाला. मेथिल खुणा पुसणारं अझासायटिडिन बबून माकडांना दिल्यावर त्यांच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढलं. बीसीएल-११-एची भूमिका २००८ मध्ये हार्वर्डच्या स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. त्यावर बेतलेली जनुक-संपादनाची उपचारपद्धती २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाली. अमेरिकेत तिची किंमत बावीस लाख डॉलर आहे. आपल्या कामाचं आहे ते हायड्रॉक्सीयुरिया हे औषध. ते वेगळ्या वाटेने, पण गर्भातलंच हिमोग्लोबिन वाढवतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी ते लहान मुलांना कमी, ठरावीक मात्रेत देऊन दाखवलं आणि मुलांच्या वेदनेचे झटके कमी झाले.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. अमुक पाला खा, तमुक काढा प्या म्हणजे बंद जनुक उघडेल, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तेंदूपत्ता तोडताना अंगातलं पाणी कमी झालं, रोवणीत दिवसभर भिजणं झालं, की पीडिताला झटका येऊ शकतो. पाणी, विसावा, ऊब यांनी झटके टळतात, म्हणून ते जपायचंच. जनुकाचं कुलूप त्यांनी निघत नाही.

गर्भातल्या हिमोग्लोबिनचा थेट परिणाम तपासणीवरही होतो. आरोग्य केंद्रात बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकलसेलचा संशय. वाहक की पीडित, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी सांगते. तान्ह्या बाळाच्या रक्तात मात्र गर्भातलं हिमोग्लोबिनच जास्त असतं. त्यामुळे बाळ पीडित असलं तरी रेघा स्पष्ट दिसू शकतात. पहिले सहा महिने द्रावणाच्या चाचणीच्या भरवशावर राहता येत नाही. त्याच सहा महिन्यांत निदान झालं, तर पेनिसिलिन आणि लसी वेळेवर सुरू होतात. या मुलांची प्लीहा लवकर निकामी होते, जंतुसंसर्गाशी लढण्याची ताकद कमी पडते, म्हणून ही घाई.

तुमच्या घरात कुणी वाहक असेल आणि सून किंवा लेक गरोदर असेल, तर आशाताईंना आणि डॉक्टरांना आजच सांगा. जोडप्यातल्या दोघांचीही तपासणी करून घ्या आणि बाळंतपणानंतर बाळाच्या टाचेतलं रक्त एचपीएलसीसाठी पाठवायला सांगा. बाळ हसतंय-खेळतंय म्हणून थांबू नका.