आवाज आहे, चित्र नाही

कंधारसारख्या तालुक्याच्या गावात टीव्हीचा आवाज चालू असताना पडदा काळा पडला, की 'पॅनल गेलं, नवीनच घ्या' असा निकाल लगेच लागतो. हा निकाल घाईचा आहे. आवाज येतो, याचा अर्थ वीज पोहोचते आहे आणि मुख्य बोर्डाचा बराचसा भाग शाबूत आहे. एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्यामागे एलईडीच्या पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट, असतात. त्यांतले दिवे बहुधा एकापुढे एक जोडलेले असल्याने एक जळला तरी संपूर्ण साखळी विझू शकते. म्हणून आधी टीव्हीच्या रिमोटने टीव्हीचा मेन्यू उघडावा. तो दिसला, तर दोष बहुधा सेट टॉप बॉक्स किंवा केबलचा. दिसला नाही, तर खोलीत अंधार करून पडद्याजवळ तिरका टॉर्च धरावा. अंधूक चित्र हलताना दिसले, तर पॅनल ठीक आहे. बिघाड पट्ट्यांत किंवा त्यांना वीज देणाऱ्या सर्किटमध्ये आहे. काहीच दिसले नाही, तरच पॅनलला चित्राचे संकेत देणारा टी-कॉन बोर्ड, रिबन केबल किंवा पॅनलवर संशय घ्यावा.

'पट्ट्या बदलल्या तरी पुन्हा जातात,' हा आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण एकच दिवा बदलला, तर उरलेले जुने दिवे पुढे दगा देतात. पूर्ण संच बदलून बॅकलाइट थोडा कमी ठेवला, तर आयुष्य वाढते. मागचे झाकण मात्र स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज उरते. पॅनलच फुटले असेल, तर नवीन टीव्ही परवडतो. पण ते ठरवायचे तपासणीनंतर, आधी नव्हे.