वजनाचा काटा अडतो तेव्हा

व्यायाम सुरू केल्यानंतरचे पहिले तीन-चार महिने मोठे उत्साहाचे असतात. वजन उतरते, पँट सैल होते, जिना चढताना लागणारा दम कमी होतो, शेजारीपाजारी 'बारीक झालात' म्हणू लागतात. पुढे कधीतरी हे सगळे थांबते. व्यायाम तोच, वेळ तीच, घामही येतो. पण काटा जागचा हलत नाही. अशा वेळी काही जण त्याच व्यायामाचा वेळ दुप्पट करतात आणि गुडघे दुखवून घेतात. बाकीचे व्यायामच सोडून देतात. माझ्या पाहण्यात दुसऱ्या प्रकारची माणसे अधिक, आणि मला काळजी वाटते ती त्यांची.

मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. राहायला सानपाड्यात. इथे पहाटे पाम बीच मार्गाच्या कडेने नेरुळच्या दिशेला फिरायला जाणाऱ्यांची रीघ असते. सपाट रस्ता, ठरलेले अंतर, गप्पांच्या ओघात पडलेली एकच चाल. शरीराला सरावून जायला याहून सोयीची व्यवस्था नाही. या मंडळींतले एक गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, एपीएमसी मार्केटात नोकरीला, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले. रोज पाऊण तास चालून त्यांनी आपले वजन ८६ किलोंवरून ७९ वर आणले. मग सहा महिने काटा ७९ वरच. त्यातच डॉक्टरांनी पुढच्या वेळी गोळी वाढवावी लागेल असे सांगितले. एक दिवस ते मला म्हणाले, "मास्तर, आता चालून काय उपयोग? तेवढी झोप तरी काढतो."

मी त्यांना म्हटले, "अहो, तुम्ही दिवसभर मालाच्या वजनात वावरता. सात किलोची पिशवी खांद्यावर घेऊन चालायचात, आता ती उतरवून चालता. मग कष्ट तेवढेच कसे पडतील?" हिशेब खरोखर इतका साधा आहे. चालताना खर्च होणारी शक्ती साधारणपणे वजनाच्या प्रमाणात असते. वजन घटले की त्याच रस्त्याला इंधन कमी लागते. शिवाय सवयीने हालचाल सुबक होते, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पाठवू लागते, स्नायू प्राणवायू अधिक चांगला वापरतात. पूर्वी जो व्यायाम होता तो आता शरीराच्या दृष्टीने नित्याचे काम झालेला असतो. म्हणजे काटा अडणे ही व्यायाम फसल्याची खूण नाही, तो अंगी लागल्याची आहे. आणि काटा हलत नसला तरी चालण्याचा रक्तातील साखरेवर, रक्तदाबावर आणि झोपेवर होणारा चांगला परिणाम चालूच असतो. तो वजनकाट्यावर दिसत नाही, इतकेच. चालणे बंद केले की तो थोड्याच दिवसांत ओसरू लागतो.

सरावलेल्या शरीराला नवे काम द्यावे लागते, ही गोष्ट आपल्याकडच्या तालमींना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान नुसत्या जोरांवर कधी तयार होत नाही. जोर-बैठका आहेतच, पण हौद्यातली माती उकरायची, दोर चढायचा, करेल-मुद्गल फिरवायची, आणि मग लढत. प्रत्येक कामात वेगळे स्नायू, वेगळा दम. जोरांची संख्या वस्ताद वाढवतो तीही बेताबेताने. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले, तेही कुस्तीला पूरक म्हणूनच. पकड आणि लवचिकपणा खांबावर जसा येतो तसा नुसत्या बैठकांनी येत नाही.

याउलट उदाहरण कोणी देईल ते औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे. ते सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. वर्षानुवर्षे नेमाने नमस्कार घालत, आणि संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. तेव्हा एकच व्यायाम जन्मभर पुरतो, असे म्हणायला जागा आहे. मला यात विरोध दिसत नाही. नमस्कारात संख्या, वेग, श्वास आणि प्रत्येक स्थितीत थांबण्याचा अवधी या चारही गोष्टी हातात असतात. बारा नमस्कार सावकाश घालणे आणि तेवढ्याच वेळात पंचवीस घालणे, हे शरीराला दोन निरनिराळे व्यायाम आहेत. चालणाऱ्या माणसालाही रस्ता बदलण्याची गरज नाही, चाल बदलली तरी पुष्कळ होते.

जपानमधील शिन्शू विद्यापीठातील संशोधकांनी मध्यमवयीन व वृद्ध माणसांवर केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला, तो यासाठी पाहण्यासारखा आहे. एक गट नेहमीच्या मध्यम गतीने चालला. दुसरा गट तीन मिनिटे सावकाश आणि तीन मिनिटे झपझप, अशा पाच किंवा अधिक फेऱ्या आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस करत राहिला. पाच महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या मांड्यांचे बळ व दम अधिक वाढलेला आढळला आणि रक्तदाबही अधिक उतरला. खर्च काही नाही, हातात घड्याळ असले म्हणजे झाले. झपझप म्हणजे किती? सोबत्याशी दोन-चार शब्दांपलीकडे बोलता येऊ नये, इतके.

आमच्या गृहस्थांचा आठवडा आम्ही असा बसवला. दोन दिवस हे तीन-तीन मिनिटांचे चालणे. दोन दिवस चालणे अगदी थोडे आणि बाकी वेळ जोराचे काम: खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याच्या बैठका, भिंतीला आणि पुढे टेबलाला हात लावून जोर, पाच किलोची कणकेची पिशवी दोन्ही हातांनी उचलणे. दोन दिवस जुने फिरणे, गप्पांसकट. एक दिवस सुट्टी. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमांचा व्यायाम आणि त्याबरोबर किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगते. आपल्याकडे हा दुसरा भाग बहुतेक जण सोडून देतात. बायका तर हटकून. वास्तविक वय वाढते तसे स्नायू झिजत जातात, पाळी गेल्यावर हाडेही ठिसूळ होऊ लागतात, म्हणजे त्यांनाच याची गरज अधिक. जेवणानंतर रक्तातील साखर शोषून घेण्याचे मोठे काम स्नायूच करतात, हे मधुमेही माणसाने ध्यानात ठेवावे. स्नायूंना प्रथिनेही पुरेशी हवीत. ६० किलोंच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम लागतात, आणि पातळ वरणाच्या एका वाटीत त्याचा छोटासाच वाटा असतो. उसळ, दही, अंडे, मासे यांपैकी काहीतरी रोजच्या ताटात पाहिजे.

तीन महिन्यांनी त्यांचे वजन भरले ७७. फार नाही. पण पट्ट्याचे एक भोक आत गेले, तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन न थांबता जाता येऊ लागले, आणि डॉक्टरांनी गोळी वाढवण्याचे लांबणीवर टाकले.

तरुण मुलांचा रोग मात्र उलटा दिसतो. मोबाईलवर दर आठवड्याला नवा व्यायाम पाहायचा आणि जिममध्ये जाऊन तो करायचा. अंग दुखले की व्यायाम लागला, अशी यांची समजूत. अंग दुखते ते नवखेपणामुळे. एखाद्या व्यायामाची घडी बसून ताकद वाढायला लागण्याआधीच तो सोडला, तर वर्षभर घाम गाळूनही माणूस तिथेच राहतो. एक आखणी सहा ते आठ आठवडे तरी टिकवावी. बदलायचे ते एका वेळी एकच: वजन, संख्या, वेग किंवा प्रकार. काय केले ते साध्या वहीत लिहावे, म्हणजे कशाने फरक पडला ते कळते. भरपूर मेहनत करूनही प्रगती थांबली असेल, झोप उडाली असेल, सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी काही दिवस नेहमीपेक्षा जलद लागत असेल, तर त्या माणसाला नव्या व्यायामाची गरज नसते. त्याने आठवडाभर मेहनत निम्मी करावी.

आता काही पथ्ये. चालताना छातीत दडपण येणे, दम अचानक वाढणे, चक्कर येणे यांपैकी काही होत असेल तर आधी डॉक्टर, मग चालणे. कारण नसताना वजन वाढत असेल आणि थकवाही असेल, तर थायरॉईडची तपासणी करून घ्यावी. रक्तदाब असणाऱ्यांनी जोर काढताना श्वास कोंडू नये, जोर लावताना तो सोडावा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी व मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असणाऱ्यांनी व्यायाम वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. चाल वाढवली की त्यांची साखर एकाएकी उतरू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी असे जाणवले तर तिथेच बसावे. अशा मंडळींनी पहाटे बाहेर पडताना खिशात ग्लुकोजची पुडी किंवा तीन-चार चमचे साखर ठेवावी, आणि सोबत्याला ती कोणत्या खिशात आहे ते सांगून ठेवावे.